दुसऱ्या भागाच्या आधी

आमच्या घरी टीव्हीवरचा गेम आला तो दुष्काळाच्या पाठोपाठ आला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तो संबंध आमच्या घरात लागला, आणि लागला तोही माझ्या हट्टापायी.

मी तेव्हा आमच्या ईट गावच्या शाळेत नुकती मास्तरीण झाले होते. लग्न व्हायचं होतं, घरात आई, आबा आणि मी. थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, मुंबईला गोदीत कामाला होते आणि तिथल्या खलाशांकडून त्यांना नाना वस्तू मिळायच्या. एका सुट्टीत ते एक डबा घेऊन आले. दोन वायरी, हातात धरायची बटणांची पट्टी आणि वरून खोचायची प्लॅस्टिकची जाड वडी. तिला सगळे कॅसेटच म्हणायचे. माझ्या पगारातून घेतलेल्या छोट्या काळ्यापांढऱ्या टीव्हीला दाजींनी तो डबा जोडला आणि पडद्यावर एक माणूस उभा राहिला. डोक्यावर काचेचं शिरस्त्राण, हातात बंदूक, वर काळं आभाळ, खाली उजाड जमीन. कुठल्यातरी दुसऱ्या ग्रहावर तो एकटाच उजवीकडं धावत सुटायचा आणि आभाळातून उतरणाऱ्या यंत्रांवर गोळ्या झाडायचा. दाजींनी दोनदा खेळून दाखवलं, दोन्ही वेळा मेले आणि जेवायला बसले. मला मात्र खूळ लागलं.

खूळ म्हणजे अगदी खूळ. शाळेतून आलं की पायांवर पाणी घ्यायचं आणि टीव्हीसमोर बसायचं. मास्तरणीला काय झालंय, असं शेजारणी आईला विचारायच्या, आणि आई म्हणायची, ती माणसं मारतीया. विजेचा दाब कमी झाला की चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं आणि माझा गडी आगपेटीएवढ्या चौकटीत लढायचा. हात बसायला वेळ लागला, पण बसला तो असा की वर्गातली पोरं माझ्याकडं वेगळ्याच आदरानं बघू लागली. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

खेळाच्या सुरुवातीला नाव झळकायचं, आणि नावापुढं दोन उभ्या रेघा होत्या. आम्ही सगळ्यांनी, मला धरून, ते अकरा वाचले. पुढं कधीतरी चौथीच्या वर्गाला रोमन अंक शिकवताना, हातात खडू असतानाच, माझ्या डोक्यात उजेड पडला की ते अकरा नाहीत, दोन आहेत. म्हणजे हा खेळाचा दुसरा भाग. घरी येऊन सांगितलं तर आईला हसू आवरेना. शिकलेल्या लेकीची फजिती तिला नेहमीच गोड लागायची.

आबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मग पैला कुठाय?"

मला त्या प्रश्नापेक्षा आबा बोलले याचंच नवल वाटलं. आबांनी जन्मभर मेंढरं राखली. दुष्काळात छावण्या निघाल्या, पण तिथं चारा गाईबैलांना. मेंढरांना कोण विचारतो. तेव्हा आबा कळप घेऊन परंड्याच्या वाटेनं खाली भीमेकडं गेले. आई रोजगार हमीवर माती उपसत होती, मी नोकरीच्या पत्राची वाट बघत होते. बऱ्याच दिवसांनी आबा परत आले ते कुर्डुवाडीहून एसटीनं, एकटेच, हातात काठी घेऊन. मेंढरं नदीकाठच्या एका पाहुण्याला अर्धलीनं दिली, असं त्यांनी सांगितलं. अर्धलीनं देणं आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. जनावर आपलं, राखायचं दुसऱ्यानं, होईल ती पिलावळ निम्मी-निम्मी, आणि दिवस फिरले की आपलं जनावर आपल्या दारात. त्यामुळं कुणी जास्त काही विचारलं नाही. फक्त तेव्हापासून आबा मुके झाल्यासारखे झाले. हो, नाही, वाढ, पुरे, एवढंच बोलायचे.

आईनं मेंढरांचं वाडगं तसंच ठेवलं. घराच्या कुशीला बोराटीच्या काट्यांचं गोल कुंपण, आत दगडाची पाण्याची कुंडी. रोज सकाळी ती ते झाडून काढायची. रिकाम्या वाडग्यात झाडायला काय असतं, असं मी एकदा म्हणाले, तर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तर असे हे आबा माझ्या शेजारी येऊन बसू लागले. श्रावणात देवळात पोथी लागते, आणि आबांसारखे बिनशिकलेले लोक ती मोठ्या भक्तीनं ऐकतात. तिचा नेम असा की मधनंच ऐकायला बसू नये आणि अध्याय अर्धा टाकून उठू नये. आबांनी तोच नेम गेमला लावला. एक टप्पा चालू असताना वीज गेली तर ते अंधारात तसेच बसून राहायचे, आणि मलाही उठू द्यायचे नाहीत. दुसऱ्या अध्यायापासून कथा ऐकायची म्हणजे त्यांच्या लेखी पापच होतं. ह्या माणसाचं गाव कुठं गेलं, ह्याला कुणीच कसं नाही, हा कुणाच्या मागं धावतोय, असं ते विचारत राहायचे. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला फक्त ठाऊक होतं की गुहेच्या तोंडाशी उडी मारली की वरचं यंत्र चुकतं. पण ते विचारत होते, बोलत होते, आणि तेवढ्यासाठी मी पहिला भाग आणायचा चंगच बांधला.

इथून माझा संग्रह सुरू झाला. प्रशिक्षणाला सोलापूरला गेले तेव्हा एका दुकानात वेगळ्याच चित्राची कॅसेट मिळाली, चित्रात अग्निबाण. घरी येऊन लावली, तर तोच गडी, तीच गुहा, त्याच दोन रेघा. शाळेतल्या एक बाई पुण्याला गेल्या, त्यांनी आणली तिच्यावर वाघ होता. आत पुन्हा आमचाच गडी. नकली मालाचा धंदा तो, वरच्या चित्राला आणि आतल्या खेळाला एकमेकांची ओळखही नसायची. मी सोलापूरच्या दुकानदाराशी पुढच्या खेपेला कडकडून भांडले, आणि त्यानं शांतपणे तिसरी कॅसेट काढून दिली. तीही दुसऱ्याच भागाची निघाली. कोनाड्यात दुसऱ्या भागाची रांग लागली. मी ती पुसून नीट मांडून ठेवायची आणि फेकून द्यायला मन व्हायचं नाही. अजूनही त्या माझ्याकडं आहेत.

सोलापूरच्या त्याच दुकानात मी आमचा खेळ रंगीत टीव्हीवर पाहिला होता. ती उजाड जमीन हिरवीगार होती. काळ्यापांढऱ्या टीव्हीनं आम्हाला आजवर फसवलं होतं. मी आल्या आल्या आबांना सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि दुकानदारानं विकण्यासाठी रंग भरला असेल, असं ठरवून टाकलं. त्यांना ती जमीन हिरवी चालणारच नव्हती.

त्या साली पाऊस बरा झाला होता. गावातली दूध सोसायटी संकरित गाई देत होती, आणि चेअरमन स्वतः आमच्या घरी आले. घरात पगार आहे, मागं जागा आहे, गाय घ्या, दिवाळीनंतर सांगितलंत तर मात्र दुसऱ्याला जाईल, असं म्हणाले. मी एका पायावर तयार होते. आईनं एकच गोष्ट धरली, मेंढरं आल्यावर कोंडायची कुठं. गाय बांधायला जागा होती ती वाडग्याचीच. गाय घ्यायची तर वाडगं मोडायचं, आणि वाडगं मोडायचं तर मेंढरं आता येत नाहीत असं म्हणायचं. ते आईच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. आबा खाली बघत बसले. चेअरमन गेल्यावर माझा तोल सुटला. दिवाळीच्या सुट्टीत मीच भीमाकाठी जाते, पाहुण्याला गाठते आणि काय ते हिशेबाला लावून येते, असं मी तोडून सांगितलं. आबा "नगं" म्हणाले आणि बाहेर निघून गेले. मला त्यांचा फार राग आला. तीन माणसांचं घर एका रिकाम्या कुंपणाभोवती अडून बसलंय असं मला वाटत होतं.

दिवाळीला दाजी आले आणि त्यांनी खिशातून कॅसेट काढली. तिच्यावर नाव तेच, आणि नावापुढं रेघ नव्हती. पहिला भाग. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडले, आणि ताई म्हणाली की दिवाळीच्या साडीला ही एवढी खूश झाली नव्हती. दोघं पाडवा करून त्यांच्या गावी गेले, आणि रोज दुपारी आबा आणि मी बसू लागलो.

पहिल्या भागात तो गडी एकटा नव्हता. सुरुवातीलाच मोठं नगर होतं, गोल गोल घरं, खिडक्यांतून माणसं दिसायची. आबा पुढं सरकून बसले. हे त्याचं गाव, असं त्यांनी आईला आत हाक मारून सांगितलं. आई सूप घेऊन दारात येऊन बसली आणि ज्वारी पाखडू लागली. आईनं ह्या खेळाकडं बघण्याची ती पहिलीच वेळ. सुट्टी संपायच्या बेतात आली त्या दुपारी मी शेवटचं यंत्र पाडलं. पडद्यावर चांदण्या उधळल्या, तो गडी नगराच्या मधोमध उभा राहिला, भोवती सगळी माणसं हात वर करून. खाली इंग्रजीत दोन ओळी आल्या. मी वाचून सांगितलं, आता सगळे सुखरूप आहेत.

"समदी वाचली?" आबांनी विचारलं.

हो म्हणाले.

"मग दुसऱ्यात ह्यो एकलाच कसा?"

मी म्हणाले, आबा, त्यांनी तसंच केलंय. पहिला संपला की दुसरा सुरू. मधे काय झालं त्याचा गेम कुणी केलेला नाही.

आबा त्या हात वर केलेल्या माणसांकडं बघतच म्हणाले, "मधलं कोण दावणार. म्या बी न्हाय दावलं."

मला वाटलं ते गेमचंच बोलतायत. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. वाटेत मेंढरं पडू लागली होती. पाहुण्याच्या गावी पोचले तर घराला कुलूप, माणसं ऊसतोडीला गेलेली. नदीला पाणी होतं, पण काठाला काडी नव्हती. कुणाला अर्धलीनं दिलीच नव्हती. उरलेली सगळी त्यांनी कुर्डुवाडीच्या बाजारात खाटकाला विकली आणि एसटीत बसले. मी पट्टी हातात धरून तशीच बसले, आणि पाहुण्याला गाठण्याच्या माझ्या गोष्टी आठवून मला जमिनीत जावंसं वाटलं.

आईचं सूप थांबलं होतं. आता ती काय म्हणेल या भीतीनं मला तिच्याकडं बघवेना. तिनं पैशाचं विचारलं नाही, खोटं का सांगितलं हेही विचारलं नाही.

"इकायच्या आदी पानी पाजलं व्हतं का?"

आबा तिच्याकडं वळले. "पाजलं. बाजारात न्यायच्या आदी माघारी नदीवर नेली. पोटभर प्याली समदी."

"मग बरं," आई म्हणाली. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि घरातलं माणूस गेल्यावर रडतात तशी ती मोठ्यानं रडली. आबा उठून तिच्याजवळ जाऊन बसले. मी टीव्ही बंद केला आणि त्यांच्यात जाऊन बसले.