टरबुजाचा खोकला

साऱ्या गावाने जी सूचना सरकारी समजून पाळली, तिच्यातले सरकार मी स्वतः घातले होते, हे मी परवापर्यंत कुणालाच सांगितले नव्हते.

टाळेबंदीचा तो उन्हाळा. राज्याची सीमा बंद, कमलनगरचा बाजार बंद, आणि दरवर्षी रानातूनच माल उचलणारा उदगीरचा व्यापारी पलीकडे महाराष्ट्रात अडकलेला. शेजारच्या अक्कांचे टरबूज वेलीवर पिकून पडले होते. आता गावाने खाल्ले तरच ते खपणार होते. त्या भल्या बाईने पहिले फळ माझ्याच घरी पाठवले.

टंचाई तेव्हा सगळ्याचीच होती, ज्ञानाची तेवढी नव्हती. मेहुण्याने मोबाईलवर कळवले: टरबूज थंड, थंडाने खोकला, आणि खोकला झाला की उचलून थेट तालुक्याच्या दवाखान्यात. मी गावच्या दक्षता समितीत होतो. कारण एवढेच की माझे उच्चार स्वच्छ होते. देवळाच्या भोंग्यावरून मी तो मजकूर वाचला आणि त्याला वजन यावे म्हणून शेवटी ‘आरोग्य खात्याच्या आदेशावरून’ एवढे पदरचे जोडले. एवढ्या मोठ्या संकटात आपलाही थोडा आवाज असावा, इतकीच हाव होती. खात्याला ठाऊक नसलेला तो आदेश गावाने तंतोतंत पाळला.

अक्का हातगाडा घेऊन निघाल्या की पारावरून टोमणा येई, “अक्का, टरबूज इकायलाव का खोकला?”

“फुकट न्या की रं!”

“फुकटचा खोकला तर मुळीच नगं!”

अखेर सगळा माल म्हशींपुढे पडला. म्हशींना खोकला झाला नाही. मलाही झाला नाही. घरी आलेले फळ मी दाराला कडी लावून, मीठ भुरभुरून खाल्ले होते. पुढे संकटकाळातील सेवेबद्दल मला शाल मिळाली, आणि अक्कांचे ते रान दर उन्हाळ्याला पडीक राहू लागले.

यंदा विहिरीला पाणी बरे आहे. परवा अक्का मुलाला आणि सुनेला घेऊन बांधावर आल्या.

“अण्णा, टरबूज लावावं म्हणून मनात हाय. सरकार पुन्हा न्हाई म्हणंल का? तुमी आफिसात जरा इचारा की.”

इतक्या वर्षांनंतरही त्या माझ्याच आदेशाला भीत होत्या. मी हात जोडले.

“अक्का, सरकार तेव्हाबी न्हाई म्हणलं नव्हतं. मी म्हणलो होतो. तो आदेश माझ्या मनचा होता. तुमचं पीक मी घालवलं. चुकलो, मला माफ करा.”