सिस्टर रीकची पुढची सीट

आमच्या आईला हॉलंडमधल्या आइंडहोवनच्या आसपास अजूनही 'सिस्टर रीक' म्हणतात. आमच्याकडे बाळंतीण घरीच असते आणि पहिला आठवडाभर तिला सांभाळायला एक बाई येते. बाळाची अंघोळ, आईचं जेवण, थोरल्या पोरांची शाळेची तयारी, भेटायला येणाऱ्यांना बडीशेपेच्या रंगीत गोळ्या पसरलेला टोस्ट, सगळं तीच बघते. ती बाई म्हणजे माझी आई. निवृत्तीपर्यंत तिने हेच केलं. परक्यांच्या पोरींच्या वेण्या तिने घातल्या, माझ्या मात्र बापाने. बापाने घातलेल्या वेण्या कशा दिसतात ते सांगायला नको.

ती फिरायची दाफमध्ये. आमच्या भागातच जन्मलेली, गिअर नसलेली चिमुकली गाडी. पुरुष हसायचे, "बायकांचं खेळणं! जेवढी पुढे पळते तेवढीच मागे!" आई म्हणायची, "बाळ काय गिअर बघून येतं का?" पुढच्या सीटवर लाकडी ठोकळे असायचे. बाळंतिणीच्या पलंगाच्या पायांखाली ते सरकवून पलंग उंच करायचा, नाहीतर सिस्टरची कंबर कामातून जाते. त्या ठोकळ्यांपायी मी कायम मागे. ठोकळ्यांचासुद्धा मला हेवा वाटायचा.

मी आता रॉटरडॅमला भाडेकरूंची संघटना चालवते. कॉलेज नाही, काही नाही. घरमालकांशी भांडत रस्त्यावर शिकले. गेल्या वसंतात आईच्या वाढदिवसाला गेले ते मनाशी ठरवूनच, की हिला आता माझ्याकडे न्यायचं. एकटी राहते, कंबर तर ठोकळे असूनही गेलीच. आधी खूश करावं, मग विचारावं, म्हणून तिला दाफच्या संग्रहालयात नेलं. भावाला मुद्दाम कळवलं नाही. एक दिवस तरी ती माझ्या एकटीची असावी.

फिकट निळ्या गाडीपाशी आई थांबली. तेवढ्यात संग्रहालयाचं जाकीट घातलेली, माझ्याच वयाची एक बाई लगबगीने आली.

"सिस्टर रीक? मी लोन्नेके! बेकरीवाल्या टोनची थोरली!"

"पायाचा अंगठा चोखायचीस ती?"

"आता तोंडापर्यंत पोचत नाही हो!"

दोघी खो खो हसल्या. मी विचारलं, "आणि मी गं? मी काय चोखायचे?"

"तू? तू नुसती भोकाड पसरायचीस," आई म्हणाली.

लोन्नेकेने गाडीचं दार उघडलं. "लोकांना बसू देत नाही आम्ही. पण तुम्ही काय लोक आहात?" आई कण्हत-कुंथत स्टिअरिंगमागे बसली. मी वळसा घालून दुसऱ्या दाराशी पोचेपर्यंत लोन्नेके आत शिरलीसुद्धा.

"मार्येट, मागे बस ना," आई म्हणाली. "जागा आहे की."

बसले. गुडघे हनुवटीला लावून, त्या बाईच्या मानेकडे बघत. मान मोडावीशी वाटत होती.

"सिस्टर, बुधवारी येत जा ना इथे," ती मान बोलली. "गाडीशेजारी बसायचं, लोकांना गोष्टी सांगायच्या. मी दोन गल्ल्या सोडूनच राहते. नेईन-आणीन."

"येईन की!"

माझं डोकं सटकलं. "काही येणार नाही! ती रॉटरडॅमला येतेय, माझ्याकडे राहायला."

आईने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "असं? मला कधी सांगणार होतीस?"

"आजच. पण इथे गर्दी किती आहे बघतेस ना!"

लोन्नेके हळूच उतरली आणि दुसऱ्या गाडीकडे गेली.

"जन्मभर लोकांच्या घरी राबलीस," मी म्हणाले. "आता तरी आपल्या लेकीची हो."

"आणि तिथे काय करू? खिडकीत बसून तुझी वाट बघू?" आईचा आवाज चढला. "मागे टीव्हीवर दिसलीस. कुणाच्या तरी म्हातारीचा हात धरून बसली होतीस, तिला घराबाहेर काढत होते म्हणून. छान बसली होतीस. मी टीव्ही बंद केला."

"का?"

"तो हात माझा नव्हता म्हणून."

मी आणखीच चिडले. "म्हणजे नाही येणार."

"नाही. बुधवारी कामावर जायचंय मला."

पुढच्या बुधवारी मी रॉटरडॅमहून निघाले, संग्रहालयाचं तिकीट काढलं, आत शिरले. आई निळ्या गाडीशेजारी, जाकीट घालून, एका पोरवड्याला गोष्ट सांगत होती. एक कार्टी तर थेट मांडीवर चढून बसली होती. मी पुढे घुसले.

"अगं, रांगेत ये," आई म्हणाली. "यांचं होऊ दे आधी."

लोन्नेकेने मला खुर्ची आणून दिली. मी घेतली नाही. त्या कार्टीवर नजर रोखून उभीच राहिले.