सहा जणांची होडी

आमच्या गावात कुणाच्याही गोठ्यात न विचारता शिरणारा एकच माणूस होता. कप्तान शिरायचे, म्हशीचं दावं बघायचे, तोंड वाकडं करायचे, गाठ सोडायचे आणि आपल्या पद्धतीने नवी मारून निघून जायचे. मालक ओरडला, "आवं कप्तान, म्हस माझी हाय," तर मागं न बघता म्हणायचे, "म्हस तुझी, गाठ माझी. वडून बघ, सुटती का ती." म्हशीला ती सुटायची नाही. धारेच्या वेळी मालकालाही सुटायची नाही, आणि मग घरातल्या बाया कप्तानांचा उद्धार करायच्या.

खरं तर ते कप्तान नव्हते. नौदलात खलाशी म्हणून गेले आणि खलाशी म्हणूनच परत आले. पदवी गावाने दिलेली. माझे ते थोरले चुलते, म्हणून मी आबा म्हणायची. कवठे महांकाळच्या पूर्वेला आमचं गाव. उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न वाजला की निम्मं गाव पळतं. टँकर वळणावर दिसला की कुणीतरी ओरडायचंच, "कप्तान, तुमचं जहाज आलं!" आबाही चिडायचे नाहीत. "आलंय तर घागरी घ्या की. माझं तोंड काय बघताय?"

संध्याकाळी पठारावर जाऊन ते पवनचक्क्यांसमोर बसायचे. एकदा मीही सोबत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "एवढा वारा, अन् ह्यास्नी एका जाग्यावर उभं करून फिरवत्यात. लय वंगाळ वाटतं गं." पवनचक्कीची कीव करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमचं घराणं मेंढरांचं. पणजोबा-आजोबा दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन घाट उतरायचे आणि पाऊस पडायच्या आत परत चढायचे. आबा म्हणायचे, "माझा बाप घोड्यावर बिऱ्हाड टाकून हिंडला. मी पाण्यावर टाकून हिंडणार." निवृत्त झाल्यापासून त्यांच्या डोक्यात एवढं एकच होतं. आत झोपता येईल, चूल पेटवता येईल अशी शिडाची होडी घ्यायची. नवी नाही, जुनीच. कोकणातून सुटायचं, रोज एका खाडीत मुक्काम करायचा आणि केरळापर्यंत जायचं. गुडघे दुखायला लागले होते. "चार-पाच हिवाळं हायत हातात," म्हणायचे, "पुढचं काय खरं न्हाई."

देवगडच्या अलीकडे एका खाडीत दोन होड्या विकायला होत्या. एकाच कारखान्यात, एकाच नमुन्यावर बांधलेल्या, जणू सख्ख्या बहिणी. धाकटी सव्वीस फुटांची, थोरली चौतीस. आबांनी मला सोबत नेलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. सांगलीला खोली करून राहिले, फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, हे मी आजही मान वर करूनच सांगते. तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. "शिकलेलं माणूस संगं असावं," आबा म्हणाले. मी वही घेतली.

दोन्ही होड्या किनाऱ्यावर टेकू लावून शेजारी शेजारी उभ्या होत्या. आबांनी बोटाच्या पेरांनी दोघींचं अंग ठोकून पाहिलं, कान लावून ऐकलं. धाकटीत उभं राहता येत नव्हतं, पण बसल्या जागी हात लांब केला की दोर आणि पाय लांब केला की सुकाणू. थोरलीत आबा ताठ उभे राहिले. स्टोव्हची जागा होती, भांड्यांची फळी होती, झोपायच्या सहा फळ्या होत्या. ते एकेका फळीवर आडवे झाले, सहाही फळ्यांवर. "हितं तुझी काकी. हितं तुझा बाप. ही तुझी."

राखणदार म्हातारा खालून बघत होता. त्याने विचारलं, "माणसां कितकी?"

"सहा."

"आणि नाय इली तर?" म्हातारा म्हणाला. "एकट्या माणसाक धाकटीच बरी. थोरलेक दोन माणसां व्हयी. एक सुकाणवार, एक शिडार."

परतीच्या एसटीत मी वहीत मधोमध रेघ मारली. एका बाजूला धाकटी, एका बाजूला थोरली. शिडाचं वजन, नांगराचं वजन, खाडीच्या तोंडाशी लागणारं पाणी, आबांचं वय, सगळं मांडलं. थोरलीच्या बाजूला एकच गोष्ट जास्त निघाली, जागा. आबांनी ते दोनदा वाचलं. "बराबर लिवलंयस. पर ह्यात माणसं कुटं धरलीस?"

माणसं त्यांनी औंधात धरली. यमाई आमची कुलदेवी. वर्षातून एकदा सगळी भावकी डोंगरावर जाऊन येते आणि खाली झाडाखाली जेवते. जेवणं झाल्यावर आबांनी एकेकाला विचारलं. आमच्याकडे थोरल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. लग्न, वास्तुशांत, जत्रा, कशालाही बोलवा, "येतो की" म्हणायचं आणि जायचं नाही. बोलावणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून पत्रावळी निम्म्याच मांडतात. तेव्हा सगळेच 'येतो की' म्हणाले. माझे वडील म्हणाले, "येतो की, दादा." चुलतभाऊ म्हणाला, "आबा, मी तर पयला." त्याची बायकोही हसत मान हलवून मोकळी झाली. सरळ बोलली ती एकटी काकी. "मी पाण्यात पाय घालणार न्हाई. धाकटी घ्या अन् जावा एकलं." आबा तिच्याशी तीन आठवडे बोलले नाहीत.

शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू?"

वहीत काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं. पुढे नोकरी शोधायची हेही ठरलं होतं. मी म्हणाले, "येणार की, आबा."

थोरली घेतली.

पहिल्या हिवाळ्यात वडिलांचा ऊस तोडीला आला. आमचा ऊस वीस गुंठे. पण कारण म्हणून पुरला. चुलतभाऊ दोन दिवस जाऊन आला. किनाऱ्याजवळच ओकला, डोलकाठीला टेकून फोटो काढला आणि वर्षभर तोच स्टेटसला ठेवला. मला कऱ्हाडला नोकरी लागली. नोव्हेंबर उजाडला की आबांचा फोन यायचा. "वारं लागलंय बघ." मी म्हणायची, या वर्षी रजा नाही, पुढच्या वर्षी नक्की. तसं मी चार वेळा म्हणाले. रजा होती. मी ती घराच्या रंगकामाला, मैत्रिणीच्या लग्नाला, आणि एकदा तर नुसतं झोपायला वापरली.

एका हिवाळ्यात ते एकटेच निघाले. खाडीच्या तोंडाशी वारा फिरला. सुकाणू सोडून शिडाकडे जावं तर होडी भरकटणार आणि सुकाणू धरून बसावं तर शीड फाटणार, अशी गत झाली. होडी वाळूत बसली. मच्छीमारांनी ओढून आणली. आबांचं मनगट मोडलं ते नीट बसलंच नाही. होडी पुन्हा टेकूवर चढली.

धाकटी बेळगावच्या एका निवृत्त मास्तरांनी घेतली. ते दर हिवाळ्यात एकटे निघायचे आणि प्रत्येक मुक्कामाचा फोटो आबांना पाठवायचे. कारवार, होन्नावर, मंगळूर. आबा तो फोन घेऊन पारावर सगळ्यांना दाखवायचे. "पोचला बगा गडी." पारावरची माणसं मजेत विचारायची, "आन् तुमचं जहाज कवा सुटणार कप्तान?" पूर्वी ते उत्तर द्यायचे. आता फोन खिशात घालायचे.

मी आबांना शेवटचं भेटले तेव्हा गुडघ्यांनी त्यांना घरात बसवलं होतं. माझी बढती झाली होती, पेढे घेऊन गेले होते. त्यांनी एक खाल्ला, दुसरा मागितला. मग मी कितीतरी दिवस साठलेलं बोलले. "आबा, आम्ही सगळे खोटं बोललो. तुमची नौदलात इतकी वर्षं गेली, तुम्हाला आपल्या लोकांचं 'येतो की' कळलं नाही."

ते हसले. "मला कळत न्हाई व्हय? मी बी ह्याच गावचा हाय. औंधात सगळी व्हय म्हणाली, तवाच कळलं कोण येणार न्हाई ते."

"मग थोरली का घेतलीत?"

"दोन माणसं लागत हुती," ते म्हणाले. "मी अन् तू. तू शिकलेली. वहीत खरं लिवलं हुतंस, मग तोंडानं म्हणालीस ते बी खरं धरलं."

ते रागावले नव्हते. पेढ्याचा कागद घडी घालून त्यांनी माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, बढतीत काम वाढलं का.

त्याच वर्षी पावसाळ्यात ते गेले. दहाव्याला सगळी भावकी आली. या बोलावण्याला मात्र सगळेच आले. जेवताना चुलतभाऊ म्हणाला, "ह्या हिवाळ्यात आबास्नी घेऊन जाणारच हुतो." माझे वडील म्हणाले, "व्हय, ठरलंच हुतं." काकी वाढत होती. तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि आत निघून गेली.

आता कुणी मला कशाला बोलावलं की जमणार नसेल तर मी तिथल्या तिथे नाही म्हणते, समोर वडील असोत की साहेब. भावकीत बोलतात, पोरगी शिकली आणि फटकळ झाली. कॉलेजात मी नाही म्हणायला शिकले असते, तर आबांनी धाकटी घेतली असती.