रानहळदीवरची तिसरी चिठ्ठी

मरोळला आमच्या शेजारच्या सोसायटीने झाडांना नावांच्या पाट्या लावल्या. सोनमोहोराच्या बुंध्यावर ठोकलंय गुलमोहराचं शास्त्रीय नाव! मला राहवतंय कुठलं? फोटो काढला, मंदाला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघ, वाट लावली.’ चुकलेल्या पाट्यांचे फोटो एकमेकींना पाठवायचा आमचा जुना चाळा. एरवी ती दोन मिनिटांत पाटी लावणाऱ्याच्या सात पिढ्या काढायची. त्या दिवशी मात्र बराच वेळ नुसतं ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मनात म्हटलं, आज बाई मोठं भाषण देणार. आलं ते एवढंच… ‘मावशी, मी पूर्वा. आत्या काल सकाळी गेली.’

मी तिथेच, त्या चुकीच्या पाटीखाली, कट्ट्यावर बसले.

मंदा आणि मी मुलुंडच्या एका कॉलेजात एकाच आठवड्यात लागलो, वनस्पतिशास्त्र शिकवायला. ती मालवणची, नाहूरला भावाकडे राहायची; मी विदर्भातून आलेली, मुंबईत नवखी आणि तोंडाने फटकळ. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत वाळवलेल्या झाडांची कपाटं होती. जाड कागदावर दोऱ्याने टाचलेल्या फांद्या, कोपऱ्यात नावाची चिठ्ठी, आणि सगळ्यावर डांबरगोळ्यांचा वास. निम्मी नावं चुकलेली, काही काळाच्या ओघात बदललेली. मंदाने ती दुरुस्त करायचं काम अंगावर घेतलं आणि मलाही त्यात ओढलं. त्या कामाचा एक नियम असतो. जुनी चिठ्ठी कितीही चुकीची असो, ती खरवडायची नाही. शेजारी नवी लावायची, त्यावर बरोबर नाव, खाली आपली सही आणि तारीख. मला हे पटायचं नाही. “चूक आहे तर काढून टाक ना!” मी म्हणायची. मंदा डिंकाची बाटली माझ्यापासून लांब सरकवून म्हणायची, “राहूंदे गो. तो बिचारा आधी आला होता.”

आमचं बिनसलं ते रानहळदीवरून. आपल्याकडच्या डोंगरांत तिच्या दोन जाती अगदी सारख्या दिसतात. एकीच्या कंदाला थोडा वास असतो, दुसरीच्या नसतो. तिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी बिनवासाची. आम्ही दोघींनी मिळून डोंगराच्या पायथ्याशी एक रोप उकरलं. कंद मोडून मी नाकाशी धरला. काही नाही. कपाटातल्या कागदावर मी चिठ्ठी लावली, कर्क्युमा इनोडोरा. कुणालाही न विचारता दिलेलं माझं पहिलं नाव, केवढी फुशारले होते! महिन्याभराने बघते तर शेजारी मंदाची चिठ्ठी, कर्क्युमा स्यूडोमॉन्टाना, म्हणजे वासाची. तिची सही पडली की विषय संपला, पुन्हा कुणी बघायचं नाही.

“मी घरी नेलेल्या तुकड्याला वास आहे,” ती म्हणाली. “आणि तुला त्या दिवशी सर्दी होती गो. नाक चोंदलेलं.”

“डांबरगोळ्यांत राहून तुझंच नाक मेलंय!”

सगळी स्टाफरूम हसली. माझ्यावर. पुढच्या वर्षी मी अंधेरीच्या कॉलेजात गेले, ‘घराजवळ पडतं’ म्हणून. खरं कारण रानहळद होती, हे आज पहिल्यांदा लिहितेय. हसा हवं तर! पण मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं की संगीता, तुझं बरोबर होतं. दुसऱ्या कुणाच्या म्हणण्याला काय चाटायचंय? आणि आता ते पडताळायची सोयही राहिली नव्हती, त्या पायथ्याशी टॉवर उभे राहिले होते.

तरी फोन चालू राहिले, फोटोही. प्रत्येक फोनची सुरुवात ठरलेली, “काय गो, नाक उघडला काय?” मी वरवर हसायची आणि आतून जळायची. रिटायर झाल्यावरही ती आठवड्यातून दोनदा कपाटांकडे जायची. गेली काही वर्षं फोन ठेवताना न चुकता म्हणायची, “एकदा येऊन कपाट बघून जा गो.” मला वाटे, नवी स्टीलची कपाटं आलीत, ती मिरवायचीत बाईला. “बघू, येईन,” म्हणायची मी. नाहीच गेले. अंधेरी ते मुलुंड काय सातासमुद्रापार आहे?

तीन आठवड्यांनी नाहूरला गेले. पूर्वाने, तिच्या भाचीने, बाल्कनीतून एक कुंडी आणून माझ्यापुढे ठेवली. “नुसती माती दिसतेय, फेकणारच होते. मग ही काडी पाहिली.” आइस्क्रीमच्या काडीवर मंदाचं अक्षर होतं, ‘संगीताची हळद’. घरी नेलेला तो तुकडा तिने लावला होता. “आत्या दरवर्षी उकरून वास घ्यायची आणि परत पुरायची,” पूर्वा म्हणाली. “आम्ही म्हणायचो, वेडी झाली.”

कुंडी मांडीवर घेऊन तशीच रिक्षाने कॉलेजात गेले. कपाट तेच, जुनंच, गंजलेलं. कागदावर माझी चिठ्ठी, तिच्याशेजारी मंदाची, आणि त्याखाली तिसरी. ‘कर्क्युमा इनोडोरा. पहिली ओळख बरोबर. कुंडीत वाढवून वर्षानुवर्षं तपासलं, वास नाही.’ खाली तिची सही. तारीख आठ वर्षांपूर्वीची.

आठ वर्षं ती मला कपाट बघायला बोलावत होती. चूक तोंडाने कबूल करणं तिला जमायचं नाही, चिठ्ठी लावणं जमायचं. आणि मी शहाणी, फुगून बसले होते. मंदे, एकदा फोनवर बोलली असतीस तर काय बिघडलं असतं गं? आणि मी एकदा आले असते तर?

कुंडी आता माझ्या खिडकीत आहे. काल माती उकरली, कंदाचा छोटा तुकडा मोडला आणि नाकाशी धरला. कसलाच वास आला नाही. पण हे मी लिहून देऊ शकत नाही. रडून रडून नाक चोंदलं होतं, आणि चोंदलेल्या नाकाची साक्ष मंदा मानायची नाही.