पोटातल्या ओळी

किस्से जमवावे लागत नाहीत. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलं की गिऱ्हाईकं मशीनबरोबर तेही ठेवून जातात, आणि नेताना फक्त मशीन नेतात! रत्नागिरीत माझं असं दुकान आहे. मागेल त्याला मी एकच आउटलाइनर, म्हणजे याद्या-टिपणांचं सॉफ्टवेअर, टाकून देतो. एका ओळीच्या पोटात दुसरी ओळ लिहायची, नको तेव्हा मिटून ठेवायची. सॉफ्टवेअर तेच, पण दोघांनी ते सारखं वापरलंय असं अजून झालेलं नाही.

* * *

पाटणकर कचेरीत क्लार्क. त्यांना कादंबरी लिहायची होती. वर्षभर येत राहिले. कधी प्रकरणांना रंग हवे, कधी पात्रांना टॅग, कधी नवे शॉर्टकट. एकदा फाइल उघडली तर आत एकच ओळ: 'प्रकरण पहिले.'

"पाटणकर, मखर झालं, गणपती कुठाय?"

ते हसले. "मखर करत असलं की तो येणार असं वाटत राहतं हो!"

* * *

लांज्याचे बापू आंबा बागायतदार. एका कलमाची एक ओळ, तिच्या पोटात खत, फवारणी, मोहर. ओळींना आपोआप नंबर पडायचे, ते काढायला लावले. "कैदी आहेत काय ती?" सगळ्या कलमांना नावं दिली!

वादळात त्यांच्या वडिलांनी लावलेलं कलम पडलं. मी विचारलं, "ही ओळ डिलीट करू?"

"नको. फिक्या रंगात ठेव. मोहराच्या दिवसांत नजर तिकडेच जाते. तिथे कायतरी असूंदे."

* * *

गुहागरच्या सुजाताताईंचे यजमान दिनेश जहाजावर असतात. फोन लागला तरी दोन मिनिटांत तुटतो, म्हणून ताईंनी यादी केली: 'ह्यांना सांगायचं.' तिच्यात तीन कप्पे. लगेच, सावकाश आणि समोर आल्यावर. सांगून झालेली ओळ दिसेनाशी व्हावी, अशी सोय मीच करून दिली.

दिनेश सुट्टीवर आले. महिन्याभराने ताई दुकानात आल्या.

"काय ताई, यादी संपली?"

"दोन कप्पे संपले. तिसरा वाढलाय!"

"अहो, पण ते घरीच आहेत ना?"

"म्हणूनच. समोर बसले की वाटतं, कशाला सांगा? आता कुठे दोन घास निवांत जेवतायत."

निघायच्या आदल्या दिवशी दिनेश एकटेच आले. मोबाईल पुढे केला. "हिच्याकडे आहे ना, ते मलाही टाकून द्या."

"ताईंच्या यादीला जोडून देऊ? दोघांनाही दिसेल."

"नको, नको! वेगळी."

"नाव काय देऊ?"

"'सुजाताला सांगायचं.'"

"आणि कप्पे किती करू?"

"एकच पुरे," ते म्हणाले. "राहून गेलेलं."