मॅडमची खूण येईपर्यंत

रविवार, ७ तारीख.

मैत्रिणींनो, माफ करा, तीन आठवडे मी आपल्या डाएट ग्रुपवर ताटाचा फोटो टाकला नाही. आज दुपारी माझ्या नावाने एक फोटो आला, पण ते ताट माझं नव्हतं. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीचं होतं.

माझ्या फोनवरून तिनेच तो टाकला आणि ताटासमोर बसून राहिली.

स्वयंपाकाला येणाऱ्या कमलमावशी म्हणाल्या, "भाकरी गार झाली की गं. कुणाची वाट बघतीस?"

"मॅडमची. बरोबरची खूण आली की जेवते."

डाएटच्या मॅडमनी लाल फुली पाठवली. "एकच भाकरी. शेंगाचटणी बंद." पोरीने दुसरी भाकरी टोपलीत ठेवली.

मावशी भडकल्या. "हिला भूक किती हाय, ते त्या बाईला पुण्यात बसून कसं कळतंय?"

मॅडम, मीही संतापले आहे. पण सगळं तुमच्यावर ढकलता येत नाही. चार महिने तिच्यादेखत मीच फोन बघून मग घास घेत होते. बंद केलं, तेही शहाणपणाने नाही, कंटाळून.

वाढत्या पोरीला किती खायचं हे तिचं पोट सांगत नाही, तुमची खूण सांगते. याची मला चीड येते आणि माझी लाजही वाटते.

मी ग्रुप सोडते आहे. मैत्रिणींनो, जाताना एवढंच विचारते: तुम्ही फोटो काढता तेव्हा तुमच्याकडे कोण बघत असतं?

उद्याचं काम: तिला भाकरी वाढायची, आणि ती "पुरे" म्हणेपर्यंत हात आखडायचा नाही.