डोंगर हिरवा झाला का?

आमच्या ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत, कंप्युटर सुरू केला की झालं. कर्जतला दोन खोल्यांचं ऑफिस. काम एकच: वणव्यात जळलेल्या डोंगरांवर पुन्हा किती झाडोरा आला, ते उपग्रहाच्या फोटोंवरून बघायचं. मी साजगावहून स्कूटरवर येतो, माझ्यासोबत काम करणारी वैशाली कशेळ्याजवळच्या सासरहून जीपने. काम ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

वैशालीच्या गावचा डोंगर जळला तेव्हा गावाने ठरवलं, तो हिरवा होईपर्यंत तिथे शेळ्या न्यायच्या नाहीत. आणि हिरवा झाला हे कोण सांगणार, तर आमचा नकाशा. तिच्या सासूबाईंच्या शेळ्या तेव्हापासून दाराशी बांधलेल्या. चारा डोक्यावरून आणून म्हातारी टेकीला आली होती. शेळ्या ठेवायच्या की विकायच्या, एवढाच प्रश्न घरात उरला होता.

*

पहिला फोटो वैशालीने मोबाइलवर घरी दाखवला. आमच्या फोटोत जिवंत झाडी लाल रंगात येते, तशी पद्धतच आहे. सासूबाई घाबरल्या. "अगं, अजून जळतंय की."

वैशालीने समजावलं, "आई, लाल म्हणजे हिरवं."

"मग हिरव्याला काय म्हणता तुमी?"



*

भर पावसाळ्यात साहेबांनी विचारलं, "झाडोरा सगळ्यात जास्त कधी वाढतो?"

"आत्ता, सर."

"मग आत्ताचे फोटो दाखव."

दाखवले. सगळे ढगांचे. साहेब चष्मा लावून पांढऱ्या स्क्रीनवर वाकले आणि म्हणाले, "यात माथेरान कुठलं?" मी अंदाजाने बोट ठेवलं. त्यांनी मान डोलावली आणि चहा मागवला.

*

एकदा मला मोठा शोध लागला. उन्हाळ्यात जळून काळे पडलेले बारीक बारीक चौकोन, आणि पहिल्या पावसानंतरच्या उघडिपीत तेच सगळ्यांत लाल, म्हणजे हिरवे! वणव्यानंतर इतकी झपाट्याने वाढ कुठेच नव्हती. साहेब खूश. प्रेझेंटेशन तयार झालं.

वैशालीने फोटो मोठा केला. "अरे, हे राब आहेत." रोपांसाठी भाताचं बी पेरण्याआधी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात, ते राब. आमच्या घरीही दरवर्षी भाजतात. पण मी ते वरून कधी बघितले नव्हते.

"आणि हा साजगावातला कोणाचा?" तिने विचारलं.

आमचाच होता.

*

दिवाळीनंतर आभाळ मोकळं झालं आणि वैशालीच्या गावचा डोंगर हिरवा निघाला. आम्ही तीनदा तपासलं. गावाने परवानगी दिली. सासूबाई शेळ्या घेऊन निघाल्या, खात्री करायला मीही लॅपटॉपची बॅग अडकवून मागोमाग.

डोंगर खरंच हिरवा होता, माझ्या छातीपर्यंत. सगळी रानमोडी. वणव्यानंतर ही आधी माजते आणि तिला जनावर तोंड लावत नाही. उपग्रहाला ती आणि चारा सारखेच दिसतात.

शेळ्या धावत गेल्या, हुंगून परत आल्या आणि सासूबाईंच्या पायाशी उभ्या राहिल्या. सासूबाईंनी एक फांदी मोडून पुढच्या शेळीच्या तोंडाशी धरली. तिने मान फिरवली. मला फार वाईट वाटलं.

सासूबाईंनी माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे बघितलं.

"तो कंप्युटर बाहेर काढ रं. इथं बांध, चरू दे त्याला."